समोर येतं, पेपरात येत नाही

प्रश्न : मी एका पंधरा वर्षांच्या मुलाला गणित आणि विज्ञान शिकवते. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. माझ्यासमोर बसला की जवळजवळ सगळी गणितं सोडवतो, "ताई, समजलं" म्हणतो, गृहपाठही आणतो. चाचणीत मात्र ५० पैकी २२. त्याआधीच्या चाचणीत २१ होते. "पेपर बघितला की डोकं रिकामं होतं," असं त्याचं म्हणणं. कच्चे धडे मी पहिल्यापासून पुन्हा शिकवले, नोट्स काढून दिल्या, तरी फरक नाही. मुख्य परीक्षेला दहा आठवडे आहेत. पालक म्हणतात, तास वाढवा. वाढवू का? आणि अभ्यास कसा करायचा हेही शिकवणीतच शिकवायचं असतं का? तसं असेल तर विषय शिकवायला वेळ कुठून आणू?
— एक वाचक

उत्तर : तास वाढवू नका. निदान आत्ता तरी नाही. आधी आहे त्या दीड तासात कोण किती काम करतंय ते बघा. तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं : धडा तुम्ही आठवता, तुम्ही मांडता, नोट्स तुम्ही काढता, आणि तो अडला की पुढची पायरीही तुम्हीच सुचवता. मुलगा ऐकतो, ओळखतो आणि मान डोलावतो. "समजलं" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. समोर मांडलेली गोष्ट ओळखता येणं आणि कोऱ्या कागदावर ती स्वतःहून आठवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. शिकवणीत पहिल्याचा सराव होतोय, पेपर दुसरं मागतो.

याची खात्री करायची तर पुढच्या तासाला तुमचे स्वतःचे शब्द मोजा. "आधी कंस सोडव", "चिन्ह बघ", "इथे कुठलं सूत्र?" असं तुम्ही एका गणितात किती वेळा म्हणता? कित्येकदा ते बोलणंही नसतं. त्याची पेन्सिल चुकीच्या दिशेने निघाली की तुमची भुवई वर जाते, आणि तो थांबतो. परीक्षेच्या खोलीत ही भुवई नसते. शिवाय शिकवणीतली गणितं त्याच दिवशी शिकवलेल्या धड्यातली असतात, म्हणजे कुठली पद्धत लावायची याचं उत्तर आधीच दिलेलं असतं. पेपरात नेमकं तेच शोधायचं असतं.

तर पहिलं काम, शिकवणं दोन दिवस थांबवून त्या दोन्ही चाचण्यांचे तपासलेले पेपर मागवा. ज्या प्रश्नांत गुण गेले, तेवढेच प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवून द्या. पुस्तक बंद, घड्याळ नाही, तुमचं बोलणंही नाही. जे या फेरीत सुटतील तिथे ज्ञान होतं. गुण वेळेमुळे, घाईमुळे किंवा घाबरण्यामुळे गेले. (मधल्या काळात शाळेत तो पेपर सोडवून दाखवला असेल तर आकडे बदलून द्या.) उरलेल्यांसाठी पुस्तक आणि वही उघडू द्या, पण तयार सोडवलेलं तेच गणित दाखवू नका. आता सुटले तर अडचण आठवण्याची होती. पुस्तक उघडं असूनही "यात कुठला धडा लागतो?" हेच कळलं नाही, आणि धड्याचं नाव सांगताच सुटलं, तर अडचण पद्धत निवडण्याची. आणि धड्याचं नाव सांगूनही सुटलं नाही, तर मूळ संकल्पनाच कच्ची आहे.

गेलेल्या प्रत्येक गुणापुढे यातलं एक कारण लिहा आणि बेरीज करा. समजा २८ गुण गेले आणि त्यातले ५ संकल्पनेचे, ९ न आठवल्याचे, ८ पद्धत न सुचल्याचे आणि ६ घाईचे निघाले, तर सगळे धडे पहिल्यापासून शिकवल्याने त्यातल्या फक्त ५ गुणांवर उपाय होतो. तुमची मेहनत का दिसत नाही, याचं कारण बहुधा या बेरजेतच सापडेल.

"निष्काळजीपणा" हा शब्द मात्र या यादीत येऊ देऊ नका. त्या शब्दाने कारण सापडल्यासारखं वाटतं आणि शोध थांबतो. तथाकथित बारीक चुका एका कागदावर एकाखाली एक उतरवल्या की त्यांत ठरावीक नमुना दिसतो. −३(क्ष − ४) चा विस्तार −३क्ष − १२ असा चार ठिकाणी केला असेल, तर ती घाई नाही, कंसाबाहेरचं ऋण चिन्ह दुसऱ्या पदालाही लागतं हे पक्कं झालेलं नाही. विज्ञानात सेंटिमीटरचे मीटर न करता सूत्रात घालणं, आलेख काढताना अक्षांवर एकक न लिहिणं, कच्च्या कामातला ६ उत्तरात ० होणं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला दहा मिनिटांचा नेमका सराव लागतो, दुसऱ्याला "दिलेलं" लिहितानाच एकक बदलण्याची सवय, आणि शेवटच्याला कच्चं काम मोठ्या अक्षरात, रेघ मारून, एका बाजूला करायला लावणं. स्वतःच्या नेहमीच्या तीन चुका त्याला तोंडपाठ असल्या पाहिजेत. पेपर तपासताना नुसतं "पुन्हा बघ" म्हणून काही सापडत नाही. काय शोधायचं ते माहीत असेल तर सापडतं.

आता तासाची मांडणी. नव्वद मिनिटांतली पहिली दहा-बारा कोऱ्या कागदाची. "मागच्या तासाला आणि त्याआधीच्या आठवड्यात जे केलं त्यातलं आठवेल ते सगळं लिही." सूत्रं, आकृत्या, व्याख्या, कुठल्याही क्रमाने. सुरुवातीला पाच ओळींपुढे जाणार नाही आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. त्यानंतर पुस्तक उघडून राहिलेलं त्यानेच वेगळ्या रंगाच्या पेनाने भरायचं. काय निसटलं हे त्याच्या डोळ्यांसमोर येतं आणि तुम्हाला आजचा धडा कुठून सुरू करायचा ते कळतं. पुढची दहा मिनिटं गृहपाठातल्या फक्त चुकलेल्या जागांना. बरोबर आलेलं परत वाचत बसू नका.

मग पंचवीस-तीस मिनिटं नवीन किंवा कच्च्या भागाला. इथे मात्र तुम्ही बोलायचं, आणि भरपूर बोलायचं. "मुलाला स्वतःच शोधू द्या" हा सल्ला अगदी नवीन विषयात उलटा पडतो, कारण एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी थोड्या असतात. नव्या पद्धतीच्या धडपडीतच त्या संपल्या तर शिकायला जागा उरत नाही. म्हणून पहिलं गणित पूर्ण सोडवून दाखवा, प्रत्येक पायरीचं कारण सांगत. दुसरं गणित शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या ठेवून द्या. तिसऱ्यात फक्त पहिली पायरी द्या, चौथं संपूर्ण त्याचं. प्रत्येक टप्प्यावर "ही पायरी का केली?" हे त्याने सांगायचं. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी "वस्तुमान दुप्पट केलं आणि बल तेच ठेवलं तर त्वरणाचं काय होईल?" असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर चुकू शकतं.

उरलेल्यातली पंचवीस मिनिटं मिश्र सरावाची, आणि ती तुमच्यासाठी सगळ्यांत कठीण, कारण त्यात तुम्ही गप्प बसायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागतात. शिकवणीत तर समोर एकच मुलगा असतो, तिथे तीन सेकंद काय, तीस सेकंदही थांबता येतं. तो खिडकीबाहेर बघू लागला म्हणजे अडलाच असं नाही.

खरंच अडला तर मदत पायरीपायरीने द्या. आधी : "प्रश्न मोठ्याने वाच." मग : "काय दिलंय आणि काय विचारलंय, ते दोन ओळींत लिही." मग : "असं आधी कुठे केलं होतंस?" तरीही नाही, तर दुसऱ्याच, पण तशाच गणिताची एक पायरी दाखवा. सगळ्यात शेवटी पूर्ण उत्तर. आणि तसं झालं तर ते झाकून त्याने पुन्हा पहिल्यापासून करायचं, आणि पुढच्या तासाला न सांगता तेच गणित परत समोर यायचं. कुठल्या पायरीवर सुटलं तो आकडा, १ ते ५, समासात लिहून ठेवा. एकही सूचना लागली नाही तर ०. महिन्याभरात तो आकडा खाली आला तर प्रगती होतेय, चाचणीचे गुण अजून हलले नसले तरी.

शेवटची दहा मिनिटं : आज काय शिकलो हे त्याने पुस्तक न बघता सांगायचं, आणि पुढच्या तीन दिवसांत काय, कधी, किती करायचं ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. "अभ्यास करीन" हे लिहिलेलं चालणार नाही. "बुधवारी सात वाजता, प्रकाशाचे ६ मिश्र प्रश्न, २५ मिनिटं" असं पाहिजे.

तुमचा तिसरा प्रश्न होता की अभ्यासाचं तंत्र शिकवायला वेळ कुठून आणायचा. वरच्या मांडणीत त्यासाठी वेगळा वेळ नाहीच. आठवणं, स्वतःला तपासणं, चूक ओळखणं, पुढचं ठरवणं हे सगळं गणित आणि विज्ञान करतानाच होतं. "अभ्यास कसा करावा" यावर वेगळं व्याख्यान दिलेलं मुलं ऐकून घेतात आणि घरी जाऊन धडा पुन्हा वाचतात.

तो पुन्हा वाचण्याचा मोह का असतो तेही त्याला सांगा, कारण नुसतं "वाचू नकोस, आठव" म्हटलं तर पटणार नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर चित्र उलटलं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पुन्हा वाचल्यावर लगेच "येतंय" असं वाटतं, आणि त्या वेळेपुरतं ते खरंही असतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, एवढीच अडचण. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात सर्वाधिक उपयुक्त ठरल्या त्या दोनच : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत पसरून करणं. पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी रंगवणं तळाच्या गटात होतं. वही रंगवलेली असेल तर फाडून टाकायला नको, पण तो वेळ अभ्यासात मोजू नका.

पसरून करणं म्हणजे काय ते आकड्यांत ठरवा. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले विसरण्याचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे माहीत आहे की सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत होते आणि पुढे तिचा वेग मंदावतो. त्यामुळे मंगळवारी शिकवलेलं त्याच रात्री पाच मिनिटं आठवायचं, मग गुरुवारी-शुक्रवारी, मग आठवड्याने, मग साधारण तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी आधी कोरा कागद, मगच पुस्तक. मधल्या काळात थोडं विसरलेलं चांगलंच, ताण देऊन आठवलेलं जास्त टिकतं. रविवारी एका बैठकीत चार तास करण्यापेक्षा तेवढेच तास सहा दिवसांत वाटले तर एकूण वेळ तोच राहून हाती जास्त लागतं.

विज्ञानाच्या व्याख्या, सूत्रं, एककं, रासायनिक समीकरणं यांसाठी कार्डं करा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची १९७२ सालची डब्यांची पद्धत अजूनही सोपी आणि पुरेशी आहे. तीन डबे किंवा तीन पाकिटं : पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज पंधरा मिनिटं, आठवड्याला दोन्ही विषय मिळून वीसच्या वर नवी कार्डं नकोत, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पहिला डबा भरून वाहतो आणि मुलगा सगळं सोडून देतो. बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एका कार्डावर अख्खा परिच्छेद लिहिला जातो. एका कार्डावर एकच प्रश्न हवा. उत्तर मनात "साधारण" येताच कार्ड उलटलं जातं. आधी ते मोठ्याने बोलायचं किंवा लिहायचं, मगच उलटायचं. आणि एकदा बरोबर आलेलं कार्ड "झालं" म्हणून फेकलं जातं. कार्डं त्याच्या अक्षरात असू द्या, तुमच्या नव्हे. गणितासाठीही एक प्रकार उपयोगी पडतो : पुढे संपूर्ण शाब्दिक उदाहरण, मागे फक्त पद्धतीचं नाव, पहिली पायरी आणि ती का, एवढंच.

यातूनच पद्धत निवडण्याच्या अडचणीकडे येऊ, कारण आमच्या अंदाजाने तुमच्या विद्यार्थ्याचे बरेच गुण तिथे जातायत. एका धड्याची वीस गणितं ओळीने केली की पहिल्या दोनांनंतर विचार थांबतो आणि हात चालू राहतो. रोरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग केली, दुसऱ्याने चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर राहिले.

करायचं असं. झालेल्या पाच-सहा धड्यांतून दोन-दोन गणितं चिठ्ठ्यांवर लिहा. धड्याचं नाव, उदाहरणसंग्रहाचा क्रमांक, काहीही नको. पहिल्या फेरीत एकही सोडवायचं नाही. प्रत्येक चिठ्ठीला एक मिनिट, त्यात फक्त : हा कुठला प्रकार, कशावरून ओळखला, पहिली पायरी कुठली. "कशावरून ओळखला" हे सगळ्यात मोलाचं. "दोन अनोळखी राशी आणि दोन अटी दिल्यात" असं तो म्हणू लागला की समजा, पेपरातलं शोधकाम त्याला जमायला लागलं. दुसऱ्या फेरीत त्यातली चार-पाच पूर्ण सोडवायची. पहिले दोन-तीन आठवडे याचे गुण वाईट येतील, तुम्ही आधी घेत होता त्यापेक्षा वाईट. हे त्याला आणि पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात "जुनी पद्धत बरी होती" असं ऐकावं लागेल.

दहा आठवड्यांचा हिशोब शेवटाकडून मांडा. शेवटचे दोन दिवस नवीन काही नाही. त्याआधीच्या साडेतीन आठवड्यांत चार पूर्ण पेपर, पूर्ण वेळ लावून, आणि दोन पेपरांमध्ये किमान चार दिवस. रोज एक पेपर सोडवायला लावणं हा फार लोकप्रिय आणि फार वाया जाणारा प्रकार आहे, कारण पेपर सोडवल्याने कच्ची जागा दिसते, ती भरत नाही. पेपराला तीन तास लागले तर त्याची चिरफाड आणि दुरुस्ती करायला पाच-सहा तास धरा. त्याच्याही आधीचे दोन आठवडे अर्ध्या पेपराचे, एकेक विभाग घड्याळ लावून. आणि आत्तापासूनचे पहिले चार कच्च्या भागांचे, पण पुस्तकाच्या क्रमाने नाही. प्रत्येक धड्यापुढे परीक्षेतलं त्याचं वजन आणि मुलाचा कच्चेपणा लिहा. जास्त गुणांचा आणि अर्धवट येणारा धडा सगळ्यात आधी, कारण तिथे कमी कष्टात जास्त हाती लागतं. तीन गुणांचा आणि मुळापासून न येणारा धडा शेवटी, वेळ उरला तर. काही सुटलं तर सुटू द्या. सगळं पूर्ण करण्याच्या हट्टात दहापैकी आठ धडे अर्धेकच्चे राहतात.

वेळेचं गणित त्यालाच करू द्या. समजा १०० गुणांना १८० मिनिटं आहेत. वाचायला ५ आणि शेवटी तपासायला १५ काढली तर १६० उरतात, म्हणजे गुणामागे १.६ मिनिटं, पाच गुणांच्या प्रश्नाला ८. दहाव्या मिनिटाला तो प्रश्न अर्धा असेल तर जागा सोडून पुढे जायचं. आणि जागा खरोखर सोडायची, नाहीतर नंतर परत यायला जागा राहत नाही. पहिल्या फेरीत नक्की येणारे, दुसरीत विचार लागणारे, तिसरीत उरलेले. बहुपर्यायी प्रश्नांत "पहिलं उत्तर बदलू नये" हा सल्ला जवळजवळ सगळीकडे दिला जातो आणि तो चुकीचा आहे. उत्तरं बदलण्यावरच्या अनेक अभ्यासांत बदललेली उत्तरं चुकीकडून बरोबरकडे गेल्याचंच प्रमाण जास्त आढळलंय. कारण सापडलं असेल तर बदलावं, नुसती धाकधूक असेल तर नाही.

विज्ञानात आणखी एक गळती असते, ती लिहिण्याची. "कारणे द्या" ला तो व्याख्या लिहितो, "फरक स्पष्ट करा" ला दोन वेगळे परिच्छेद. तीन गुणांचे तीन मुद्दे असतात हे सांगण्यापेक्षा एका प्रश्नाची गुणपत्रिका त्यालाच बनवू द्या : कुठल्या वाक्याला एक गुण द्यायचा, कुठल्याला अर्धा. मग स्वतःच्या जुन्या उत्तराला त्या गुणपत्रिकेने तपासायला सांगा.

"डोकं रिकामं होतं" या तक्रारीचा बराच भाग वरच्या सगळ्याने कमी होईल, कारण कुठल्याही सूचनेशिवाय आठवण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा परीक्षेतच येत होती. उरलेल्यासाठी सराव परीक्षेसारखा करा : नेहमीची खुर्ची-टेबल सोडून दुसरी खोली, मोबाइल बाहेर, घड्याळ समोर, उत्तरपत्रिकेसारखाच कागद, तुम्ही खोलीत नाही. पेपर हातात आल्यावर करायची गोष्ट ठरवून द्या : श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, असे चार-पाच श्वास, कच्च्या कामाच्या पानावर विसरायची भीती असलेली सूत्रं, मग पेपरातला पहिला प्रश्न नव्हे, पहिला येणारा प्रश्न. झोपेशी सौदा करू देऊ नका. या वयाला आठ ते दहा तास लागतात आणि शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो. परीक्षेआधी उलट्या होणं, दिवसेंदिवस झोप न लागणं, रडू आवरेनासं होणं असं काही असेल तर ते शिकवणीच्या हातातलं नाही, पालकांशी बोला आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे पाठवा. तसंच, तोंडी विचारलं तर सगळं येतं पण वाचायला खूप वेळ लागतो, ओळी सुटतात, अक्षरं किंवा आकडे सतत उलटसुलट होतात असं दिसलं तर डोळ्यांची आणि शिकण्यातल्या अडचणींची तपासणी सुचवा. असं काही निघालं तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो का, हे शाळेला आताच विचारायला हवं. शेवटच्या आठवड्यात त्याला उशीर झालेला असतो.

पालकांना काय सांगायचं? बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकलेल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, आणि शिकवणीची जाहिरात करणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो. पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक सहसा दिसलेला नाही. कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यात तो साधारण त्याच्या चाळीस टक्के निघाला, जो तरीही भरपूर आहे. शिवाय ब्लूम यांच्या त्या प्रयोगांतही मुलांना नुसतं समजावलं नव्हतं. ठरावीक अंतराने चाचणी, चुकांची दुरुस्ती आणि मगच पुढचा भाग अशी रचना होती. म्हणून दीड तासाचा तिसरा दिवस जोडण्याऐवजी आठवड्याचे आहेत तेच तीन तास वेगळे वाटा : दीड तासाचे दोन दिवस मोडून एकेक तासाचे तीन. खर्च तोच, आठवण्याच्या संधी तीन, आणि मधलं अंतरही बरं पडतं. वरच्या मांडणीतला प्रत्येक भाग त्याच प्रमाणात छोटा करा, फक्त कोरा कागद दहा मिनिटांचाच ठेवा. दर आठवड्याला पालकांना तीन आकडे पाठवा : कोऱ्या कागदावर किती मुद्दे आठवले, मिश्र सरावात किती बरोबर, आणि सरासरी कितव्या पायरीची मदत लागली. गृहपाठ तुम्ही पूर्ण करून घेणार नाही हेही त्यांना स्पष्ट सांगा. शाळेच्या वहीत सगळं बरोबर दिसलं की शाळेतल्या शिक्षकांना मूल कुठे अडलंय ते कळत नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत तास त्याने चालवायचा. काय विचारायचं त्याची यादी तो घेऊन येणार, यादी नसेल तर पहिली पंधरा मिनिटं ती बनवण्यात जातील, तुम्ही बनवून देणार नाही. तुम्ही काढलेल्या नोट्स तोवर तुमच्याजवळच ठेवा. त्याचा कोरा कागद भरून झाला की पडताळायला द्या, आणि तास संपताना परत घ्या.